एकट्याचा प्रवास आणि हट्ट्याची वाट

प्रवासांत बरोबर न्यावयाच्या शिदोरीस संस्कृतांत 'पाथेय' असें नांव आहे, व एकमेकांच्या आधारानें मार्ग क्रमणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यास 'सार्थ' म्हणतात. या दोन शब्दांतच आपल्या पूर्वजांचें प्रवासशास्त्र सांठविलेलें आहे. पोटाला पाथेय हवें आणि जिवाला सार्थ हवा; दोहोंपैकीं एक नसेल तर घराबाहेर पडूं नये, असा त्यांचा दंडक होता. पण काळ असा आला आहे कीं, पाथेय विकत मिळतें आणि सार्थ मात्र मिळत नाहीं. मुलगी नोकरीच्या गांवीं एकटी जाते, मुलगा परीक्षेसाठीं रात्रीच्या गाडीनें एकटाच निघतो, आणि आजोबा डोळे तपासून घेण्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं एकटेच जाऊन येतात. घरांत दहा माणसें असलीं तरी ज्याच्या त्याच्या मागें काम असतें. सोबतीस कोणी मोकळें नसतें. एस.टी.नें ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यांत प्रवास देऊं केल्यावर अशा प्रवाशांची पैशाची अडचणही बरीच दूर झाली. तेव्हां एकट्यानें प्रवास करावा कीं नाहीं, हा वाद आतां निरर्थक आहे. तो कसा करावा, एवढाच विचार करावयाचा उरला आहे.

हा विचार आमच्या मनांत येण्यास कारण घडलें तें असें. आमच्या बंधूंच्या नातीची नेमणूक हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील हट्टा या गांवीं झाली. घरांत आठ दिवस खल चालला. कोणी म्हणालें, नोकरीच सोडावी. कोणी म्हणालें, आईनें बरोबर जाऊन राहावें. खुद्द मुलीला मात्र कोणी फारसें विचारलें नाहीं. अखेर वाट कशी आहे ती आधीं पाहून येतों, असें सांगून कार्तिक महिन्यांत आम्ही एकटेच निघालों.

हट्ट्यास आगगाडी जात नाहीं. परभणी, पूर्णा किंवा वसमत यांपैकीं एखाद्या स्टेशनावर उतरून पुढें मोटारीनें जावें लागतें. आम्ही परभणीची वाट धरिली. परभणी मागें टाकून औंढा नागनाथाच्या दिशेनें निघालें म्हणजे पूर्णा नदी लागते आणि मग दोहों बाजूंस काळी कसदार जमीन पसरलेली दिसते. सोयाबीन निघून गेलें होतें, कापसाची वेंचणी चालू होती, आणि हळदीचीं रुंद हिरवीं पानें वाऱ्यावर डुलत होतीं. वसमतची हळद सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. ती याच मातींत पिकते. पुढें औंढ्यास ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचे गुरु विसोबा खेचर यांचें स्मरण, तर हिंगोलीजवळ नरसी ही नामदेवांच्या नांवाशीं जोडलेली भूमि. भाविकांच्या पायांनीं मळलेल्या या वाटा आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुण्यामुंबईकडून येणाऱ्या प्रवाशास येथें हाली शिक्क्याचे रुपये वेगळे घ्यावे लागत. म्हणजे परक्या मुलुखाची जाणीव कनवटीपासूनच सुरू होई. पुढें १ मे १९९९ रोजीं परभणीतून फुटून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या रम्य प्रदेशाच्या इतिहासांत एकट्या प्रवाशाच्या दृष्टीनें अत्यंत बोधप्रद असें एक प्रकरण आहे, आणि तें आमच्या घरांतल्या वादाला फार उपयोगीं पडलें, म्हणून येथें विस्तारानें सांगतों.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंगोलीस निजामाच्या खर्चानें पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं असलेल्या फौजेची छावणी होती. निजामाच्याच नोकरींत असलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ठगांविषयीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हिंगोलीची हकीकत दिली आहे. त्या छावणीच्या बाजारांत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरनें स्वतः त्याच्याशीं व्यवहार केला होता. मुंबईहून कापड आणावयाचें आहे असें सांगून या हरिसिंगानें कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून एक परवाना मागून घेतला. कापड खरोखरच मुंबईहून येत होतें. पण तें होतें हिंगोलीजवळच्या एका गांवच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याचें. हरिसिंगानें त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व बैल हांकणाऱ्यांस वाटेंत ठार केलें, आणि तोच माल सरकारी परवान्यावर छावणींत आणून उघड उघड विकला. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत याच टोळीनें अनेकांचे प्राण घेतले व पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पांचशें यार्डांवर त्यांना पुरलें. हरिसिंग पकडला जाऊन त्यानें आपल्या तोंडानें कबुली देईपर्यंत यांतलें कांहींही कोणास कळलें नाहीं. पुढें ते खड्डे उकरले गेले, तेव्हां टेलर तेथें हजर होता.

ठगांविषयींचा बराचसा इतिहास माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा आहे आणि इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्यांत अतिशयोक्ति केली, असें आजचे कित्येक इतिहासकार म्हणतात. त्यांचें म्हणणें विचारार्ह आहे. बळींच्या संख्येवर आणि देवीच्या नांवानें रचलेल्या कथांवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. परंतु टेलरनें डोळ्यांदेखत उकरले गेलेले खड्डे पाहिले, एवढें तरी खरें मानावयास हरकत नाहीं. आणि आमच्या विषयास तेवढें पुरे आहे.

या लोकांची रीत काय होती? ज्यांना आपल्या दक्षिणेंत फांसीगार म्हणत, ते झाडामागें दबा धरून बसत नसत. ते वाटेंत गोड बोलून भेटत. 'पुढें रस्ता भयाचा आहे, आपण मिळून जाऊं' असें तेच म्हणत. टोळींतील एक जण तर केवळ वाटसरूस बोलण्यांत गुंतवून सोबत जोडण्याच्याच कामावर नेमलेला असे. सोबत जुळली, दोन मुक्काम एकत्र जेवणें झालीं, विश्वास बसला, म्हणजे मग इशारा होई आणि रुमालाचा फांस पडे. येथें थांबून विचार केला पाहिजे. तो व्यापारी एकटा नव्हता. त्याच्याबरोबर नोकर होते, गाडीवान होते. तो रानांत हरवला नव्हता, राजमार्गावर होता. त्याचा घात एकटेपणानें झाला नाहीं, तर घाईनें स्वीकारलेल्या सोबतीनें झाला. आणि गुन्हा लपून राहिला याचें कारण त्याहून साधें आहे. अमुक मनुष्य अमुक दिवशीं पोहोंचावयाचा होता व तो पोहोंचला नाहीं, हें जाणणारा कोणी नव्हता. प्रवासाला महिने लागत, परतीची तिथि ठरलेली नसे. घरच्यांना शंका येईपर्यंत खड्ड्यावर गवत उगवलेलें असे.

आपल्या जुन्या वाङ्मयांतही हें मर्म ओळखलेलें दिसतें. पंचतंत्राच्या अखेरच्या तंत्रांत एका ब्राह्मणपुत्राची कथा आहे. त्याला कामासाठीं परगांवीं जावयाचें असतें आणि सोबत मिळत नाहीं. आई त्याला अडवीत नाहीं. ती एक खेकडा आणून कापराच्या डबींत घालून त्याच्याबरोबर देते. वाटेंत तो झाडाखालीं झोंपला असतां कापराच्या वासानें साप येतो आणि डबींतला खेकडा त्याला मारतो. आईनें मुलाच्या जाण्याला विरोध केला नाहीं, अथवा जा म्हणून मोकळीही झाली नाहीं. घरांत जें होतें त्यांतून तिनें कांहींतरी तयारी करून दिली. महाभारतांतील दमयंतीची गोष्ट याच्या उलट आहे. नळानें टाकल्यावर ती एका सार्थाच्या आश्रयास जाते. रात्रीं सरोवराकांठीं तळ पडला असतां रानहत्ती येऊन तो तांडा तुडवितात. वांचलेल्यांपैकीं कित्येक काय म्हणतात? ही वेड्यासारखी दिसणारी बाई आली म्हणून हें अरिष्ट आलें! हत्तींचा दोष एकट्या स्त्रीच्या माथीं बसतो. या प्रसंगाकडे आम्हांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

आतां व्यवहाराकडे येऊं. आजचा फांसीगार रुमाल वापरीत नाहीं. तो बिस्किटाचा पुडा किंवा चहाचा पेला पुढें करतो. गुंगीचें औषध घातलेलें खाद्य देऊन सहप्रवाशाला लुबाडण्याचे प्रकार आगगाड्यांतून घडत आले आहेत, आणि त्यांची रीत हिंगोलीच्या हरिसिंगाहून निराळी नाहीं. म्हणून पाथेय घरचें असावें, हा जुना नियम आजही शहाणपणाचा आहे. दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस टिकतात, आणि फिरकीच्या तांब्याच्या जागीं आतां झांकणाची बाटली आली आहे, एवढाच फरक. 'आमचें जेवण झालें आहे' असें म्हणण्यास त्यामुळें खोटें बोलावें लागत नाहीं.

निघण्यापूर्वीं करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या नेमानें केल्या पाहिजेत. पैसे एका ठिकाणीं ठेवूं नयेत. थोडे हाताशीं, थोडे सामानांत, थोडे अंगावर. मोबाईलवरून पैसे देतां येतात हें खरें, पण खेड्यांत वीज आणि तरंग दोन्ही रुसतात. सुट्या नोटा जवळ असाव्यात. घरचे, पोहोंचावयाच्या ठिकाणचे व जवळच्या नातेवाइकांचे दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहून खिशांत ठेवावे, कारण यंत्र बंद पडलें कीं त्यांतली स्मरणशक्तीही बंद पडते. नेहमींचीं औषधें चार दिवस जास्त घ्यावीं व त्यांचीं नांवें त्याच कागदावर असावीं. मुख्य म्हणजे, आपण कोणत्या गाडीनें निघालों, कोठें बदलणार, किती वाजतां पोहोंचणार, हें घरांतील एका ठराविक माणसास सांगून ठेवावें. 'घरांत सर्वांना माहीत आहे' याचा अर्थ पुष्कळदां कोणालाच नीट माहीत नाहीं असा होतो. एकत्र कुटुंबांत तर विशेषच.

रात्रीं अपरात्रीं अनोळखी स्टेशनावर उतरण्याचा प्रसंग आला, तर उजाडेपर्यंत स्टेशनांतील प्रतीक्षालयांत बसून राहावें. दिवसा मिळणारी गाडी दोन तास उशिरा मिळाली म्हणून कांहीं बिघडत नाहीं. रेल्वेंत अडचण आल्यास १३९, अन्यत्र पोलिसांच्या मदतीसाठीं ११२, स्त्रियांसाठीं १८१ आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८, हे चार क्रमांक घरांतील लहान मुलांकडूनही श्लोकासारखे पाठ करून घ्यावे. रेल्वे सुरक्षा दलानें ऑक्टोबर २०२० पासून 'मेरी सहेली' या नांवानें एकट्या स्त्री-प्रवाशांची वाटेंत विचारपूस करण्याची योजना चालविली आहे. निघतांना दलाच्या बायका भेटल्यास त्यांना आपला डबा व आसन सांगण्यास संकोचूं नये.

कायद्याचीही एक गोष्ट प्रत्येक घरीं ठाऊक असावी. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १३९ व्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला तिकिटाच्या कारणावरून गाडींतून उतरवावयाचें झालें, तरी तें तिच्या प्रवासाच्या आरंभस्थानीं, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणींच, आणि तेंही दिवसाच करतां येतें. रात्रीं आडस्टेशनावर तिला उतरवितां येत नाहीं. कलमाचा आणि मदतीच्या दूरध्वनीचा आंकडा एकच असल्यानें लक्षांत ठेवणें सोपें आहे. तसेंच १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते. 'हें आमच्या हद्दींत घडलें नाहीं' हें उत्तर कायद्याला मान्य नाहीं. हट्ट्यास पोलीस ठाणें आहे. तें कोठें आहे हें आम्ही पोहोंचल्याबरोबर प्रथम पाहून घेतलें. नव्या गांवांत देऊळ, दवाखाना आणि ठाणें या तिहींचें दर्शन पहिल्या दिवशींच घ्यावें.

ऋतूचाही विचार हवा. मराठवाड्याचा उन्हाळा कडक. दुपारीं बारा ते चार वाटेवर राहूं नये. पावसाळ्यांत ओढ्याच्या पुलावरून पाणी जात असेल, तर इतर लोक जातात म्हणून आपण जाऊं नये. अवकाळी पावसांत विजा कडाडूं लागल्या तर एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये. आणि पंचतंत्रांतील खेकडा जवळ नसल्यामुळें, शेतवाटेनें जातांना काठी व विजेरी बाळगावी. साप चावलाच तर आवळपट्टी बांधूं नये, जखम चोखूं अथवा कापूं नये. दंश झालेला अवयव न हालवितां तडक सरकारी रुग्णालय गांठावें.

हट्टा गांव आम्हांस आवडलें. रस्त्यावरचें गांव असल्यामुळें तेथें दिवसभर माणसांची जाग असते. पायऱ्यापायऱ्यांनीं खोल उतरत जाणारी एक जुनी दगडी बारव येथें आहे. तिच्या बांधणीकडे पाहून थक्क व्हावें लागतें. पूर्वींच्या प्रवाशाला अशी बारव म्हणजे पाणी, सावली आणि विसावा असें सर्व कांहीं होती. पण दगडावर शेवाळ असतें. वर एका शेतकऱ्यास 'खालीं उतरतों आहे, जरा लक्ष असूं द्या' असें सांगून मगच आम्ही उतरलों. तो हंसला, परंतु आम्ही वर येईपर्यंत तेथेंच उभा राहिला.

परतीच्या वेळीं थांब्यावर उभे असतां एका जीपवाल्या गृहस्थानें गाडी थांबविली. "काका, कुठं जायचंय? बसा, परभणीला सोडतो की." मनुष्य सज्जन दिसत होता, आणि बहुधा सज्जनच असावा. आम्ही म्हणालों, "नको, एस.टी.नेंच जाणार." त्यानें पुन्हां आग्रह केला, आम्ही तेंच वाक्य पुन्हां म्हणालों. आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांना एक वाईट वळण लागलेलें असतें: नकार द्यावयाचा तर त्याला कारण जोडलें पाहिजे असें त्यांना वाटतें. कारण सांगितलें कीं समोरचा तें खोडून काढतो, आणि मग भिडेपोटीं गाडींत बसावें लागतें. भीड भिकेची बहीण म्हणतात. प्रवासांत ती याहूनही वाईट ठिकाणीं नेते. म्हणून नकार सौम्य असावा, लहान असावा, आणि त्याला कारण नसावें. सज्जनास त्याचा राग येत नाहीं. ज्याला राग येतो त्याच्या गाडींत न बसणेंच बरें.

गृहस्थ निघून गेल्यावर आम्ही आपण होऊन चहाच्या टपरीवरील बाईंजवळ गेलों व गाडीची चौकशी केली. "बसा हितं, येतीच आता," असें म्हणून तिनें बांकावर जागा करून दिली. मदत घेऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मदतीवांचून प्रवास होतच नाहीं. मात्र ज्यानें आपल्याला निवडलें त्याच्यापेक्षां ज्याला आपण निवडलें तो अधिक भरंवशाचा, एवढा भेद ध्यानांत ठेवावा. अर्थात् हाही नियम निरपवाद नाहीं. बाजारांत दुकान मांडून बसलेला हरिसिंग लोकांनीं आपण होऊनच निवडलेला होता. यास्तव सर्व सावधगिरीच्या पाठीशीं शेवटची एक गोष्ट लागते, ती म्हणजे घरीं वाट पाहणारें माणूस.

येथें घरांतील वडीलधाऱ्यांना दोन शब्द सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. प्रवासांत मुलीवर कांहीं बरावाईट प्रसंग आला आणि तिनें घरीं कळविलें, तर आपल्या तोंडून पहिलें वाक्य कोणतें निघतें? 'तरी सांगत होतों, एकटी जाऊं नकोस.' दमयंतीला सार्थांतील लोकांनीं जें ऐकविलें तेंच हें. एकदां असें ऐकून घेतलेली मुलगी दुसऱ्या वेळीं कळवीत नाहीं. गाडींत कोणी त्रास दिला, पाकीट गेलें, चुकीच्या थांब्यावर उतरली, तरी ती 'सर्व ठीक आहे' असेंच सांगते. म्हणजे आपण आपल्याच हातानें तिचा शेवटचा आधार काढून घेतलेला असतो. हिंगोलीच्या प्रवाशांचा पत्ता घेणारें कोणी नव्हतें, हें त्यांचें दुर्दैव. घरांत पत्ता घेणारीं दहा माणसें असून मुलीला सांगण्याची भीति वाटावी, याला दुर्दैव म्हणतां येणार नाहीं. तो आपला दोष होय. मुलग्यांविषयींही हेंच, फसलों असें कबूल करण्याची त्यांना तर अधिकच लाज वाटते.

आम्ही परत येऊन घरांत हेंच सांगितलें. मुलीनें हट्ट्यास जावें. गांवांत एखाद्या कुटुंबवत्सल घरीं खोली पाहावी. पहिला महिना शेवटच्या गाडीच्या भरंवशावर राहूं नये, तिच्या आधींची गाडी धरावी. आणि तिनें जें कांहीं कळविलें तें प्रथम ऐकून घ्यावें, मत मागाहून द्यावें. शेवटच्या अटीवर घरांत सर्वांत अधिक वाद झाला, यावरून तीच सर्वांत अवघड आहे हें दिसून आलें. तथापि ती मान्य झाली, आणि मुलगी रुजू झाली.

पूर्वीं मनुष्य परगांवीं पोहोंचला कीं दुसऱ्या दिवशीं 'सुखरूप पोहोंचलों' अशी एका ओळीची कार्डें टाकीत. त्या ओळींत बातमी कांहींच नसे, तरी तें कार्ड येईपर्यंत घरची माणसें टपालवाल्याची वाट पाहात. आज तीच ओळ क्षणांत पाठवितां येते, आणि म्हणूनच ती पाठवावयाची राहून जाते. प्रत्येक घरानें एवढा नेम करावा कीं, जाणाऱ्यानें पोहोंचतांच ती ओळ पाठवावी, आणि ठरलेल्या वेळेनंतर तासाभरांत ती न आल्यास घरच्या त्या ठराविक माणसानें न कंटाळतां, न रागावतां विचारणा करावी.